परसूच्या घरात मी काय शोधत होतो

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, आई गेली तेव्हा तिच्या उशाशी बसलो होतो तिथे नाही, कळंबच्या चिंतामणीसमोरही नाही. दरवर्षी स्पर्धेला निघालो की टीमची गाडी कळंबला थांबवतो, पोरांना रांगेत उभं करतो, स्वतः डोळे मिटतो — आणि मनातल्या मनातसुद्धा हे सांगत नाही. देवाला सगळं माहीत असतं म्हणतात. मग आपण कशाला तोंड उघडायचं? अशी सोय मी करून घेतली. माझ्यासारख्याला सोयी बऱ्या सुचतात.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. ओळखत असता तर नसतं सांगितलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मला धीट वगैरे समजायची चूक तुमच्याकडून व्हायला नको.

मी नरेश गावंडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोटंसं कॉलेज आहे, तिथे खेळाचा सर. कॉलेज असं की सगळी पोरं आली तर बाकं पुरत नाहीत आणि नाही आली तर प्राध्यापक खूश असतात. पण बेसबॉल म्हटलं की आमचं नाव निघतं. विद्यापीठाच्या टीममध्ये आमची पोरं, राज्याच्या टीममध्ये आमच्या पोरी. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ढाली मावेनात, म्हणून आता त्या जीवशास्त्राच्या कपाटात बेडकांच्या बरण्यांशेजारी ठेवल्या आहेत. नुकतीच या टीमला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव झाला, मांडव घातला, भाषणं झाली. टीमचा इतिहास सांगायला अर्थातच मी उभा राहिलो. अर्थातच — कारण तो इतिहास म्हणजे मी, असं सगळे मानतात. ज्या फायनलपासून हे सगळं सुरू झालं, तिचा पिचर नरेश गावंडे.

त्या फायनलमध्ये मी एकही बॉल टाकलेला नाही.

पण थांबा — ती गोष्ट ही नव्हे. एवढं तर माझ्या जुन्या टीममधल्या सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, आणि तिथे पोचायला मला वेळ लागतो आहे. लागू द्या.

आधी या खेळाचं सांगतो. बेसबॉल आमच्याकडे कुणाला आवडला म्हणून आला, असं कुणी स्टेजवरून सांगितलं — परवा मीच सांगितलं — तर खुशाल हसा. तो आला, कारण क्रिकेट-कबड्डीत कॉलेजांची ही गर्दी, आणि बेसबॉलमध्ये चार-दोन टीम. जिंकायला सोपं. जिंकलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागेवर हक्क. आमचे काकडे सर, म्हणजे तेव्हाचे खेळाचे सर, हे उघड बोलायचे. "खेळ गेला खड्ड्यात, कागद पाहा," म्हणायचे. आता ते हयात नाहीत. खेळाचे नियम त्यांनी कुठल्याशा पुस्तकातून वाचून काढले होते. सुरुवातीला आम्ही बेसवर पोचलो की कबड्डीसारखा दम धरून उभे राहायचो. ही आमची गौरवशाली परंपरा.

माझे वडील संस्थेच्या संचालक मंडळावर होते. घरचं वावर मोठं, कापूस, तूर, सोयाबीन. मला खेळता काही येत नव्हतं. मी बॉल टाकला की तो जमिनीवर, नाहीतर अंपायरच्या पोटावर. पण मी टीममध्ये होतो, कारण वडील मंडळावर होते. प्रमाणपत्र मलाही हवं होतं.

आणि परसू — परसराम आडे. आमच्या गावाचा नाला ओलांडला की त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. शाळेत तो माझ्याच वर्गात. बारावीला इंग्रजीत नापास झाला आणि घरच्या वावरात राखणीला बसला. तुरीत रोही शिरायची; शहरात तिला नीलगाय म्हणतात. परसू मचाणावरून ढेकूळ फेकायचा. रोही पार धुऱ्यावर, वावराच्या कडेला, उभी असली तरी ढेकूळ तिच्या कानाजवळून जायचं. लागायचं नाही, आणि ते मुद्दाम. "तिले कायले मारायचं? भेव दाखवला का जाते ते," म्हणायचा. मी हे काकडे सरांना बढाई मारत सांगितलं, जसा काही परसू आमच्या गोठ्यातला बैल. सरांनी त्याला बोलावलं, एक बॉल टाकायला लावला. कॅचर उताणा पडला. सर परसूकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"हा खेळन," ते म्हणाले. "तुह्या नावावर."

नापास पोराला कॉलेजकडून खेळता येत नाही. मी पास होतो, पण मला खेळता येत नव्हतं. दोघं मिळून एक खेळाडू होत होता. ओळखपत्रावर फोटो त्याचा, नाव माझं. परसूला काय मिळणार होतं? गाडीत बसणं, हॉटेलातलं जेवण आणि बॉल टाकायला मिळणं. त्याला ते पुरेसं वाटलं. त्याच्यासाठी ते पुरेसं आहे, असं आम्हालाही वाटलं.

फायनल वणीच्या टीमशी होती. कोळशाच्या गावची दांडगी पोरं, बॅट घेऊन उभी राहिली की आमच्यांचे पाय आपोआप मागे सरकायचे. मी लिंबाखाली भिंतीवर बसून फुटाणे खात होतो. भोंग्यावरून नाव पुकारलं — पिचर, नरेश गावंडे! परसूने मैदानात जाऊन हात वर केला. मग त्याने वणीच्या पोरांना एकामागून एक बसवलं. त्यांची बॅट फिरायची तोवर बॉल कॅचरच्या हातात गेलेला असायचा. लोक ओरडायला लागले, गावंडे, गावंडे! आणि माझ्या अंगावर काटा आला. हातात फुटाण्याची पुडी, आणि अंगावर काटा! शेवटी शेवटी तर मीही ओरडलो — माझ्याच नावाने. असला माणूस पाहिलाय कधी तुम्ही? आयत्या बिळावरचा नागोबा निदान बिळात शिरण्याचे कष्ट घेतो. मी भिंतीवरूनच फणा काढला.

जिंकलो. प्रमाणपत्र माझ्या नावाचं. टीममधल्या कुणी चकार शब्द काढला नाही, कारण प्रत्येकाच्या हातात एकेक प्रमाणपत्र आलं होतं. पुढे विद्यापीठाच्या निवडीला माझ्या नावाने बोलावणं आलं, तेव्हा काकडे सरांनी तोड काढली — गावंडेचा खांदा गेला! मी कितीतरी दिवस हात गळ्यात अडकवून हिंडलो. आईला खरं ठाऊक नव्हतं. ती माझ्या चांगल्याभल्या खांद्याला कोमट तेल चोळायची आणि चोळता चोळता डोळे पुसायची. मी चोळून घेतलं. आजही लोक विचारतात, "सर, खांदा कसा हाये?" आणि माझा हात आपोआप तिकडे जातो. परवा ढगाळ हवेत तर तो खरंच दुखला. दुखला म्हणे!

इथवर तुम्ही मला हसला असाल तर बरोबरच केलंत. इथवर ती हसण्याचीच गोष्ट आहे. पुढे मात्र — थांबा, सांगतो.

परसूने इंग्रजीचा पेपर पुन्हा दिला आणि पास झाला. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेजात रीतसर प्रवेश घेतला, स्वतःच्या नावाने. पहिल्या दिवशी मैदानावर आला तेव्हा नवे कॅनव्हासचे बूट हातात धरून आला. रस्त्याने मळतील म्हणून पायात घातले नव्हते. काकडे सर त्या दिवशी मनापासून खूश झाले. "चाला, आता लबाडीचं काम सरलं," म्हणाले. लबाड माणूससुद्धा लबाडीला कंटाळतो, हे मी तेव्हा पाहिलं. मी कंटाळलो नव्हतो.

मी म्हणालो, "वणीची पोरं ओळखतीन ना त्याले."

"तोंड कोन पाह्यते?" सर म्हणाले. "सारे बॉल पाह्यतात."

मी भ्यालो होतो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. भानगड उघडी पडेल, प्रमाणपत्र जाईल, वडिलांची मान खाली जाईल, म्हणून भ्यालो. ऐकायला किती बरं वाटतं! भित्र्या माणसाची लोक कीव तरी करतात. पण ते खोटं आहे. मला भीती नव्हती. मला हेवा वाटत होता. एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर लोक मला पिचर म्हणून हाक मारायला लागले होते, आणि मला ते गोड लागलं होतं. उद्या भोंग्यावरून परसराम आडे असं नाव पुकारलं असतं, तर पिचर कोण राहिला असता? ज्याचं होतं त्याच्याकडेच ते परत चाललं होतं. ते मला बघवलं नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पुजतात. शेतकरी विळे-कुऱ्हाडी मांडतो, ड्रायव्हर ट्रकला हार घालतो. काकडे सरांनी बेसबॉलचीही पूजा सुरू केली होती. खेळाच्या खोलीत सतरंजी अंथरायची, बॅट, बॉल, ग्लोव्ह मांडायचे, हळदकुंकू लावायचं, आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी कॅचरसाठी नागपूरहून जाडजूड नवा ग्लोव्ह आणला होता. आमच्या टीमकडे भारी म्हणावी अशी ती एकच वस्तू. पूजेच्या आदल्या दुपारी परसूने येऊन खोली झाडली, पुसली, झेंडूचे हार ओवले. मी कॅप्टन होतो, किल्ली माझ्याकडे. तो गेल्यावर मी तो ग्लोव्ह पिशवीत टाकला, घरी नेला आणि गोठ्यामागच्या शेणखताच्या खड्ड्यात पुरला. हातपाय धुतले. चहा प्यालो.

हेच ते, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे पूजेला जमले, तर सतरंजीवर ग्लोव्ह नाही. सरांनी विचारलं, काल खोलीत कोण होतं? मी म्हणालो, "परसू आलता." बस्. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी त्याला चोर म्हणालो नाही. म्हणायची गरज पडणार नाही हे मला माहीत होतं — माझी सगळी हुशारी ती एवढीच. तांड्यातल्या पोराबद्दल आमच्याकडे एवढं बोललेलं पुरतं. गोऱ्या साहेबाच्या राज्यात तांड्यांवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का पुसून टाकला म्हणतात. टाकला असेल कागदावर. काकडे सर म्हणाले, "तरीच." त्या 'तरीच'चा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. किल्ली कुणाजवळ असते, हेही कुणी विचारलं नाही. शिकलेली माणसं होती सगळी. एक प्राध्यापक तर समाजशास्त्र शिकवत होते. पोरांना जातिव्यवस्थेवर नोट्स उतरवून द्यायचे. त्यांनी मान हलवली आणि प्रसाद खाल्ला.

मग तांड्यावर जायचं ठरलं. संस्थेची जीप, काकडे सर, संस्थेचे एक संचालक आणि मी. मी कशाला गेलो? मला कुणी बोलावलं नव्हतं. घरी बसलो असतो तरी चाललं असतं. मी स्वतःहून जीपमध्ये चढून बसलो.

दसऱ्यासाठी तांडा सारवून स्वच्छ केलेला होता. तांड्याच्या नाईकाला, म्हणजे त्यांच्या प्रमुखाला, बोलावून अंगणात उभं केलं. म्हातारा माणूस, पागोटं नीट करत राहिला. परसू घरातून बाहेर आला आणि मला पाहून हसला. नरेश सोबत आहे, म्हणजे काहीतरी चुकामूक झाली असेल, आता मिटेल, असं त्याला वाटलं असणार. त्याला दुसरं काय वाटणार होतं?

घरात शिरल्यावर सर आणि संचालक दाराशीच थांबले. शोधलं कुणी? मी. मी ट्रंक उघडली. गोधड्या झटकल्या. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. चुलीमागे वाकून पाहिलं. परसूच्या आईची आरसे लावलेली जुनी पिशवी होती, ती उलटी केली, तर तिच्या लग्नातली कापडं सारवलेल्या जमिनीवर पडली. ज्या वस्तूवर मी स्वतः शेण ओढून आलो होतो, ती मी त्या बाईच्या कापडांत शोधत होतो — आणि वरवर नाही, मन लावून. मला घाम आला होता. आता सापडेल की काय, असंही मध्येच एकदा वाटून गेलं. हो, वाटलं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मी बोंबही मारली नाही, मुकाट्याने काम केलं, एखाद्या प्रामाणिक माणसासारखं.

परसूची आई दारात उभी राहून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "मार बेटा चोर छेनी. मार बेटा चोर छेनी." माझा मुलगा चोर नाही. काकडे सरांना गोरबोली, म्हणजे तांड्याची भाषा, कळत नव्हती. मला कळत होती. त्याच दारात बसून लहानपणी मी तिच्या हातची भाकर खाल्ली होती, ती बोली तिथेच शिकलो होतो. सरांनी मला विचारलं, "काय म्हनते ते?"

"काही नाही," मी म्हणालो. "रडून राह्यली."

ती रडत नव्हती.

ही ती गोष्ट. ग्लोव्ह पुरला ते नाही, 'परसू आलता' तेही नाही. आई आपल्या लेकासाठी साक्ष देत होती, आणि ती साक्ष ज्याला समजत होती असा तिथे मी एकटाच होतो. मी म्हणालो, काही नाही.

ग्लोव्ह सापडला नाही. न सापडल्याने काय होतं? संचालक म्हणाले, ढाणकीच्या बाजारात विकला असेल. ढाणकीच्या बाजारात हळद-सोयाबीन घेणारा माणूस कॅचरचा ग्लोव्ह घेऊन त्यात काय भरणार होता? पण एवढा विचार करायला माणसाला आधी विचार करायची इच्छा लागते. पोलिसांत कुणी गेलं नाही, कॉलेजच्या पटावरून परसूचं नाव कुणी काढलं नाही. "पोराचं आयुष्य खराब कायले करायचं," असं सर मोठ्या मनाने म्हणाले. परसू यायचा बंद झाला, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात खड्ड्यातलं खत गाडीत भरून वावरात टाकलं, त्यात ग्लोव्हही गेला असेल. त्या वर्षी आमची कपाशी झकास आली.

मला खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली, आणि काकडे सरांनंतर मीच खेळाचा सर झालो. टीम मी वाढवली, हे खरं आहे. कशी वाढवली तेही ऐका. हात कुठे तयार होतात हे मला माहीत होतं — मी मैदानांवर नाही, तांड्यांवर पोरं शोधत हिंडलो. दिग्रसकडचे, पुसदकडचे, आर्णीकडचे तांडे. त्या पोरांनी ढाली आणल्या. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, वंचितांच्या मुलांना मैदान मिळवून देणारा म्हणून. पुरस्कार मिळाला. आणि त्याच खोलीत एक नियम चालत आला, कुणी न लिहिलेला — तांड्यातल्या पोरांनी सामान घरी न्यायचं नाही. बाकीच्यांनी नेलं तर चालतं. तो नियम कुणामुळे पडला, हे पोरांना माहीत आहे. आडे नावाच्या एका चोरामुळे. मी तो नियम कधी मोडला नाही.

परसू देशोधडीला लागला असं सांगता आलं असतं, तर गोष्टीला शोभलं असतं. तो लागला नाही. वणीला काही वर्षं कोळशाचा ट्रक चालवला, परत आला, वावर वाढवलं, पक्कं घर बांधलं. त्याचं बरं झालं म्हणून माझं काही कमी होत नाही, हे मला कळतं. तरी त्याचं नवं घर पाहून मला हलकं वाटलं होतं. बघा, किती स्वस्तात सुटतो माणूस.

त्याची मुलगी निकिता याच वर्षी आमच्या कॉलेजात आली, टीममध्ये आली. बापाचा हात लेकीत उतरला वगैरे काही नाही. थर्ड बेसला उभी राहते, बेताचं खेळते. रौप्यमहोत्सवाच्या थोडे दिवस आधी एका सकाळी परसू माझ्या घरी आला. केस पांढरे झालेले. खुर्चीवर बसला, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलला. वर्गातला दोस्त, पण मला सर म्हणत होता, आणि मी म्हणू देत होतो.

"सर, बॉल तुमीच टाकला, तसंच चालू द्या," तो म्हणाला. "मले त्याचं काही नाही. पन तो ग्लोव्ह म्या नेला नोता, एवढं स्टेजवरून सांगून टाका. निकिताले पोरी चिडवून राह्यल्या. माही माय तर ते आयकल्याबिगर गेली, पोरीच्या तरी कानावर पडू द्या."

"हो," मी म्हणालो. "काहून नाही सांगनार?"

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "कोन्या अडगळीत सापडला होता म्हना. तुमचं नाव नका घेऊ."

तुमचं नाव नका घेऊ! म्हणजे त्याला माहीत होतं. केव्हापासून? त्या अंगणात हसता हसता कळलं, की मी कणगीत हात घातला तेव्हा? मी विचारलं नाही. त्याने मला खरं बोलायला सांगितलं नव्हतं. उलट एक साधीसरळ थाप त्याने स्वतः तयार करून माझ्या हातात ठेवली होती. जन्मभर थापांवर जगलेल्या माणसाला अजून एक थाप मारायला काय लागतं?

समारंभाला पुढच्या रांगेत माझी जुनी टीम बसली होती. कुणी पोलीस खात्यात, कुणी तलाठी, कुणी बँकेत. पोटं सुटलेली, गळ्यात पाहुण्यांचे बिल्ले. मी एकही बॉल टाकलेला नाही हे ठाऊक असलेली माणसं, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच. त्यांच्या मागे कुठेतरी पालकांच्या खुर्च्यांत परसू, त्याची बायको आणि निकिता. मला शाल दिली, नारळ दिला. मी सुरुवात केली. खेळ कसा आला, काकडे सरांनी कसे कष्ट घेतले, फायनल कशी झाली. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं — तेव्हा एक ग्लोव्ह हरवला होता, तो नंतर आपल्याच खोलीत सापडला. झालं असतं. एका दमात झालं असतं.

तेवढ्यात सूत्रसंचालन करणारा पोरगा माझ्याजवळ झुकून म्हणाला, "सर, तो खांद्याचा किस्सा सांगा ना."

आणि मी तो सांगितला. रंगवून सांगितला. आई तेल कशी चोळायची तेही सांगितलं, हात गळ्यात अडकवल्याची नक्कल केली. लोक खूप हसले. जुनी टीमही हसली. टाळ्या पडल्या, त्या मी घेतल्या, आणि टाळ्या ओसरल्यावर ते वाक्य मला नकोसं वाटलं. भीती आडवी आली नाही, कुणी अडवलं नाही. एवढ्या छान टाळ्यांनंतर चोरीबिरीचा विषय कशाला, असं वाटलं. एवढंच कारण. मी बसलो. परसू उठून गेला नाही. शेवटपर्यंत थांबला, पंगतीत जेवला, निघताना मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

निकिता आता टीम सोडेल असं मला वाटलं. सोडावी असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तिने सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर बाकीच्या पोरी ग्लोव्ह टेबलावर टाकून निघाल्या; दोघीतिघींनी ते आपापल्या सायकलला अडकवून घरीही नेले. निकिता टीममधल्या दोन मुलींना सोबत घेऊन माझ्यासमोर आली. तिने ग्लोव्ह टेबलावर ठेवला नाही, माझ्या हातात दिला.

"सर, ग्लोव्ह दिला. ह्या दोघी पाहून राह्यल्या. बाबानं सांगतलं हाये, सरायले बोलायले लावजो."

"मिळाला," मी म्हणालो.

"मोठ्यानं, सर."

तेव्हापासून सराव संपला की मी ते मोठ्याने म्हणतो.